कोलशेतच्या शिंदीला लागलेले खजूर

खजूरबाबाने पहिला फटका मारला तेव्हा अख्खं कोलशेत शिंदीच्या झाडाभोवती हात जोडून उभं होतं. दुसऱ्या फटक्याला नारळ फुटले. तिसऱ्याला सगुणाची पाठ फुटली.

साल १९८६. गुणाजीच्या दोन म्हशी लागोपाठ मेल्या. बाबाने निदान केलं, मिठागरात काम करणाऱ्या सगुणाने त्या खाल्ल्या. सगुणाचं वजन चाळीस किलो. दोन म्हशी मावल्या कुठे, असं मी विचारलं. गुणाजीने माझा दात पाडला.

"चेटकिणीचं रक्त मुळाशी पडू दे, या शिंदीला खजूर लागतील!" बाबा गरजला. "अरबस्तानची देवी हाजिर होणार, भक्तांनो!"

देवी तिकडे कशाला गेलेली, हे विचारायला माझे उरलेले दात तयार नव्हते.

काटेरी देठाचे पाच फटके झाले. बाबाचा चेला सरसर झाडावर चढला आणि झावळ्यांमागून घोस तोडून खाली आला. जाडजूड, गरदार खजूर! बायका रडायला लागल्या. सगुणाचा सख्खा दीर गोपीनाथ रॉकेलचा डबा घेऊन आला.

"आता जाळा," बाबा म्हणाला.

"थांबा रं." शिंदीच्या पात्यांचे झाडू बांधण्यात हयात गेलेली दगडाबाई पुढे आली. "ह्ये झाड नर हाय."

"म्हणजे?" बाबाने विचारलं.

"शिंदीत नर येगला, मादी येगली. नराला मोहर येतो, फळ नाय. मादीचं फळबी बोटाच्या पेराएवढं, नुसती बी. खजूर तिची भैण, गराची. भैणीची पोरं या बाप्याच्या अंगावं कशी?"

"चमत्कार, माई!"

"मंग चमत्काराला गोणपाटाचं धागं कसं?"

मी एक खजूर उपटला. चपटा होता. बाजारच्या गोणीत खजूर दाबून भरतात. झाडावर त्याला कोण दाबणार? नराच्या वाळक्या मोहराच्या काड्यांवर एकेक टोचून बसवलेला. याच झाडाची ताडी पिऊन गाव रोज आडवं व्हायचं, पण मान वर करून कोणी पाहिलं नव्हतं.

मग जमावाने बाबाचं नाक फोडलं, चेल्याचा हात मोडला. गोपीनाथने डबा बाबाकडे वळवला. रॉकेल वाया जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

सगुणा कशीबशी उठली. लाथेने डबा पालथा केला.

"याला पोलिसात द्या. म्हशींचं ढोरांच्या डाक्टरला इचारा. आन मला दवाखान्यात न्या, माणूस वाटत असंन तर."

दवाखान्यात तिच्या पाठीतून अठरा काटे निघाले.

देव शंकेने मरत नाही. सगुणा मात्र श्रद्धेने मरणार होती. म्हणून कोणी चमत्कार दाखवला तर आधी तो हातात घेऊन बघा. बघायला वेळ नसेल, तर निदान काडेपेटी घरी ठेवून या.