पलीकडचं दार

निवृत्त ग्रंथपालाच्या शेडमध्ये जागा एकाच गाडीची, आणि गाड्या झाल्या होत्या दोन. लाल, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार चाळीस वर्षांपासूनची. लेकीने हौसेने घेऊन दिलेली पांढरी, आटोपशीर गाडी दोन महिन्यांची. ती बिचारी रस्त्यावर उभी असायची.

"बाबा, रविवारी गिऱ्हाईक येतंय लाल गाडी बघायला," लेक फोनवर म्हणाली. "आता घोळ घालू नका. नवी एका बटणावर सुरू होते. जुनीत बसायचं तर आधी कंबर मोडून घ्यायची."

"पण पळते छान."

"कुठे पळायचंय तुम्हाला?"

खरं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. जुन्या गाडीचं पलीकडचं दार आतून उघडत नसे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आतलं हँडल तुटलं. तेव्हापासून गाडी थांबली की तो वळसा घालून जायचा आणि बायकोला दार उघडून द्यायचा. ती हात पुढे करायची. "या, सरकार!" म्हणायची. एरवी चारचौघांत तिचा हात धरायचा तर तो लाजून मेला असता. त्यामुळे हँडलची दुरुस्ती दर वर्षी राहून जायची.

ती जाऊन दोन वर्षं झाली. तो अजूनही वळसा घालून जायचा, दार उघडायचा, क्षणभर थांबायचा आणि लावून घ्यायचा.

शनिवारी गाडी नेहमीच्या मेकॅनिककडे नेली, उद्या गिऱ्हाईक येतंय असं सांगून, प्लग साफ करायला.

"सर, ही म्हणजे मानी सासू," मेकॅनिक म्हणाला. "विचारपूस केल्याशिवाय जागची हलत नाही. तुमची नवी म्हणजे गुणी सून. पण लोक वळून बघतात ते सासूबाईंकडेच!"

तो हसला. गाडी तिथे सोडून पायी घरी येता येता त्याचा निश्चय झाला. उद्या 'नाही' म्हणायचं. लेक चार दिवस रागावेल, झालं.

रविवारी मेकॅनिकच गाडी घेऊन आला. पाठोपाठ गिऱ्हाईक आलं, बायकोला घेऊन. सकाळपासून घोकलेलं 'नाही' बाजूला राहिलं आणि तो 'या, बघा ना' म्हणून बसला. नवरा बॉनेट उघडून वाकला आणि बाई पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या, दार लावून घेतलं.

"गाडी पसंत आहे. चला, उतरा आता," नवऱ्याने थोड्या वेळाने हाक मारली.

सवयीने ग्रंथपालाचे पाय वळले. तळहात पँटला पुसत तो पलीकडे गेला. हात पुढे केला, तोच आतून खट्‌ झालं. दार आपसूक उघडलं आणि बाई बाहेर आल्या.

"सीट मऊ आहे हो," त्या म्हणाल्या.

त्याचा हात तसाच राहिला.

"काल नवं हँडल बसवून टाकलं," मेकॅनिक कानाशी कुजबुजला. "गिऱ्हाइकाने नावं ठेवायला नकोत. माझ्याकडून भेट समजा, सर."

बिचाऱ्याला बोलणार तरी काय!

"छान बसलंय," तो म्हणाला, आणि किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी त्याने पांढरी गाडी शेडमध्ये घेतली. सहज मावली. तो उतरला, निघाला, पुन्हा मागे फिरला. वळसा घालून पलीकडे गेला आणि दार उघडलं.

सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं.