कचरूची छाती

कौसल्याचा धाकटा भाऊ कचरू इतका बारीक, की मुलीकडचे त्याला बघायचे आणि हळूच विचारायचे, पोराला काही दुखणं आहे का? सगळी स्थळं तिथंच मोडायची. कौसल्या भोकरदनला मशीनवर शाळेच्या पोरांचे स्वेटर विणायची. त्या नव्वद सालच्या थंडीत तिनं हट्टच धरला, की ह्या वर्षी याचं लग्न लावायचंच.

तिनं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा स्वेटर विणला. चौकडे कडेला चिंचोळे, मधे येतील तसे मोठे. तो घालून कचरू समोर उभा राहिला, तर छाती अशी फुगलेली की आईनं पोराची दृष्टच काढली. हात लावला तर आत बरगड्याच.

"फक्त सरळ बस," कौसल्यानं बजावलं. "बिलकुल वळू नको."

केदारखेड्याला मुलीच्या घरी कचरू खांबासारखा बसला. मुलीचे वडील अप्पाराव खूश झाले. पण कौसल्याची अक्कल चरायला गेल्ती. बाईमाणूस असून ती विसरली, की स्थळाचा निकाल स्वयंपाकघराच्या दारातून लागतो. आणि ते दार नेमकं कचरूच्या कुशीच्या बाजूला होतं; तिथून चौकड्यांची जादू चालत नव्हती.

बायकोनं अप्पारावांना आत बोलावलं. "डोळे गेले का तुमचे? पोरगं निस्ती काडी हाय."

"काडी? अगं, ही एवढी छाती!"

बाहेर सगळं ऐकू येत होतं. कौसल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सगुणा चहा घेऊन निघाली. नवरी मुलगी अंगानं चांगली भरलेली. दारातून समोर येताना ती मधेच थांबली, दोन पावलं मागं गेली, परत पुढं आली. कपातला चहा बशीत सांडला.

"कोणी विणला?" तिनं विचारलं.

"अक्कानं. मी लई बारीक हाय म्हणून," कचरू म्हणाला, आणि त्यानं स्वेटर काढूनच टाकला.

सगुणा कौसल्याकडं वळली. "ताई, मशीनवर याच्या उलटं होतं का? जाड माणूस बारीक दिसंल असं?"

"होतं की," कौसल्या घाईनं म्हणाली. "आठ दिवसांत देते."

"यांना काही विणू नको, अक्का," कचरू म्हणाला. "हायेत तशाच बराबर हायेत."

पहिला कप वडीलधाऱ्यांचा असतो. सगुणानं तो कचरूच्या हातात दिला.