पांढऱ्या लुगड्यातली चॅम्पियन

शारजात सखी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे काळ्या साड्यांचा नुसता पूर. सत्त्याण्णव साली त्या पुरासमोर उभं राहून सुलक्षणाला बोलायचं होतं. विषय होता तिच्या आजीची थोरली बहीण ठकुबाई, शतकाच्या सुरुवातीची टेनिस चॅम्पियन. सगळ्यांनी टाळ्या वाजवून तो पास केला होता. घोळ झाला तालमीत. ठकुबाईंचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आतच गेला, असं सुलक्षणा बोलून गेली आणि सेक्रेटरी आशाताईंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

"अगं बाई, विधवा? हळदीकुंकवाला?"

"बक्षिसं सगळी त्यानंतरचीच आहेत, आशाताई."

"मग लग्नापर्यंतच सांग ना. नवऱ्यानं कौतुकानं रॅकेट आणून दिली, दोघं खेळायची, खलास. बायका खूश."

"आणि चॅम्पियन कधी झाली म्हणू? माप ओलांडताना?"

आशाताई हसल्या, पण ओठांनीच. "तुझ्या सत्यजितचा व्हिसा आमच्या ह्यांच्या कंपनीचा आहे हो. प्रेमानं सांगतेय."

संध्याकाळी जबल अलीच्या बंदरावरून कंपनीच्या बसनं नवरा, सत्यजित, घरी आला. तिनं सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "ठकुबाईंनी कुणाला विचारलं होतं?"

"कुणालाच नाही."

"मग मला कशाला विचारतेस गं?" त्यानं दात येऊन किरकिरणाऱ्या दर्शनला तिच्या खांद्यावरून अलगद उचललं. "शुक्रवारी ह्याला मी बघतो. तू मोकळ्या हातांनी बोल. नोकरीचं बघू. इन्शाल्ला."

शुक्रवारी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत सुलक्षणाची पाच वर्षांची लेक सुरुची पाय हलवत बसलेली. सुलक्षणानं माईक धरला आणि ती लग्नापाशी थांबली नाही.

"नवरा गेला. सासरच्यांनी रॅकेट माळ्यावर टाकली, हिनं ती खाली काढली. लोक म्हणाले, विधवा बाई मैदानावर? ही म्हणाली, टेनिसला पांढरे कपडे लागतात म्हणे. ते तर तुम्हीच मला नेसवलेत."

कुणीतरी फिसकन हसलं आणि पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात माईक मुका झाला. आशाताईंच्या हातात वायर होती.

"साउंड गेला वाटतं. चला गं, वाण लुटायला घेऊ!"

सुलक्षणानं माईक टेबलावर ठेवला. दोन पोरांना हाका मारून कमावलेला आवाज होता तिचा, तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"काष्टा घालून खेळायची. क्लबाच्या व्हरांड्यात तिला पाणीसुद्धा देत नसत. ही झाडाखाली बसून स्वतःच्या तांब्यातलं प्यायची आणि परत उठायची. अशी खेळत खेळत प्रांताच्या फायनलला पोचली."

"आई, डिड शी विन?" सुरुचीनं विचारलं.

सुलक्षणा लेकीकडे बघत राहिली. खोटं सांगणं फार सोपं होतं.

"नाही गं राणी. हरली."

हॉलमध्ये सुस्कारा उमटला. आशाताईंनी लगबगीनं हळदीकुंकवाचा करंडा उचलला. "अरेरे! बघा, म्हणूनच मी म्हणत होते..."

"घरी आली तर दाराला आतून कडी," सुलक्षणा म्हणाली. "ती रात्र तिनं ओसरीवर काढली. सकाळी उठली, लुगडं झटकलं आणि सरावाला गेली. पुढच्या वर्षी परत फायनल, समोर तीच बाई. आणि ह्या वेळी आमची ठकुबाई जिंकली!"

मागच्या खुर्च्या करकरत पुढे सरकल्या. वाणाच्या टेबलाशी गेलेल्या दोघीतिघी रिकाम्या हातांनी परत येऊन बसल्या. करंडा घेऊन आशाताई एकट्याच मध्ये उभ्या होत्या.

"झालं का तुझं?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "अजून दोन अजिंक्यपदं बाकी आहेत. बसा ना, आशाताई. मागच्यांना दिसत नाहीये."