पायाला बांधलेली चांदी

चंदनाक्कांनी पाय मागं ओढला आणि लुगड्याखाली दडवला.

"आदी सांग. ह्ये कशाचं केलंय?"

प्रणिताच्या हातात पट्टीचं अर्धवट फोडलेलं पाकीट तसंच राहिलं. आईच्या पाठीमागं उभा राहून जिनपाल बायकोला डोळ्यांनी दटावत होता.

"चांदी हाय, आत्ती. डोळ्याला दिसणार न्हाई एवढी बारीक. जखमंतलं जंतू मारती."

"चांदी काय वाऱ्यावर तरंगती? कशात बसवलीया ती?"

साखरेच्या आजारानं अंगठ्याखालची तळव्याची जखम चिघळली होती. गोळ्यांना तिथले जंतू दाद देत नव्हते. पुढच्या खेपेपर्यंत जखम भरायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं निपाणीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पट्टी त्यांनीच दिलेली. ती कशाची, हे प्रणितानं तिथंच विचारून घेतलं होतं. घरी विचारणारं कोण आहे, हे तिला ठाऊक होतं.

"खेकड्याच्या कवचापासनं काढत्यात," ती म्हणाली.

जिनपालनं कपाळावर हात मारला.

"ऐकलंस?" चंदनाक्का कडाडल्या. "जल्मभर दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवले न्हाई मी. आन आता पायाला खेकडा बांधून जिनदेवाच्या बस्तीची पायरी चढू? देव म्हणल, चंदना आली का तिची नांगी आली?"

"आई, अंगठा जाईल!"

"जाऊ दे. उरलेल्या बोटांनी बी बस्ती गाठीन मी."

बोलता बोलता त्यांचा हात लुगड्याखाली गेला आणि अंगठा मुठीत धरून बसला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं होतं, हॉस्टेलात रात्रीचं जेवायचीस का? पोरीनं "व्हय" म्हणून टाकलं. तेव्हापासून सांजेच्या प्रार्थनेच्या चटईवर तिला जागा नव्हती. न्हाई म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं, असं जिनपाल अजून म्हणायचा.

प्रणितानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. बेळगावहून दुसरी पट्टी आली. चांदी तीच, पण नुसत्या प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेली.

"प्लास्टिकाला आई न्हाई, बाप न्हाई," चंदनाक्कांनी पाय पुढं केला. "बांध."

आठवड्यानं पट्टी सोडली, तर जखमेच्या कडेनं कातडं काळं पडलेलं.

"सडलं!" जिनपाल ओरडला. "चल आई, गाडी काढतो."

चंदनाक्कांचा चेहरा उतरला. पण त्यांनी लेकाकडं पाहिलं नाही.

"प्रणिता, तू सांग."

प्रणिता खाली वाकली. आधी वास घेतला. मग ओल्या बोळ्यानं कड हळूहळू पुसली. काळं थोडंथोडं बोळ्यावर आलं. मधे, जखमेच्या तळाशी, डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस उगवलं होतं.

"चांदीचा डाग हाय, आत्ती. आत मास धरतंय."

"अंगठा ऱ्हाईल?"

"मला तरी तसं वाटतंय. पक्कं डॉक्टरच सांगतील."

चंदनाक्का लेकाकडं वळल्या. "ठेव ती किल्ली. 'भरली जखम' असं तू म्हणला असतास, तर खोटं समजून मीच आदी गाडीत जाऊन बसले असते."

दिवस कलला. चटईवर बसून नेहमीप्रमाणं साऱ्या जीवांची क्षमा मागायला त्यांनी हात जोडले आणि थबकल्या. नजर पायाच्या नव्या पट्टीवर गेली.

"ह्यात किती जीव गेलं असतील गं?"

"जंतू? लाखांनी, आत्ती. जास्तच." प्रणिता दाराशी उभी होती.

"अगं बया! एवढ्यांची माफी एकटीनं कवा मागून व्हायची?"

दुखरा पाय सांभाळत त्या भिंतीकडं सरकल्या. मग चटईच्या मोकळ्या जागेवर सून बसताना एखादी मुंगी तर चिरडायची नाही ना, म्हणून पदराच्या टोकानं ती जागा हलकेच झाडू लागल्या.