बाळंतिणीची खोली

भिंतीकडची बाजू पुन्हा दमट लागली, तशी वत्सलाबाईंनी गादी ओढून खोलीच्या मधोमध आणली. शिडीवर उभे असलेले खंडेराव खाली बघतही नव्हते. ते ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंगाचा आणखी एक हात मारत होते.

"हे ओझरला विमानं बनवायचे म्हणे," दारात आलेल्या शेजारच्या सगुणाबाईंना वत्सलाबाई म्हणाल्या. "नशीब आपलं, आपण कधी विमानात बसलो नाही."

सगुणाबाई हसल्या. खंडेरावांनी ब्रश डब्यात बुडवला.

उभी हयात विमानांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला घरातली एक भिंत आवरत नव्हती, याचं वत्सलाबाईंना आता आश्चर्यही वाटत नसे. तिथे गळती दिसली की सील मारायचं, म्हणून यांनी इथेही मारलं. पाणी थोडंच यांच्या हाताखाली कामाला होतं? समोरून वाट बंद झाल्यावर ते कपाटामागून वर चढलं आणि चांगल्या भागालाही पोपडे आले. डोहाळजेवण झालं की लेक स्नेहल पहिल्या बाळंतपणाला याच खोलीत येणार होती. तान्हं बाळ काय या भिंतीशी निजवायचं? मिस्त्री बोलवा म्हटलं, तर यांचा मान दुखावतो. मान म्हणे.

संध्याकाळी फोनवर त्या लेकीला बापाचा त्या दिवसाचा पराक्रम रंगवून सांगत. स्नेहल "हं" म्हणे आणि भाजी काय केली ते विचारी.

शेवटी एकदा खंडेरावांनी भिंतीपलीकडच्या बाथरूमचं पाणी बंद ठेवून पाहिलं, तर ओल वाढायची थांबली. मग त्यांनी टाइल्स फोडल्या. आतल्या पाइपचा एल्बो, वळणावरचा जोड, तडकला होता.

"सापडलं," ते म्हणाले.

"एवढी नासधूस केल्यावर आंधळ्यालाही सापडलं असतं."

एल्बो बदलल्यावरही त्यांनी भिंत लगेच बुजवली नाही. पाइपाखाली वर्तमानपत्र अंथरून ते सकाळ-संध्याकाळ कागद चाचपत राहिले. नंतर आतलं जुनं प्लास्टर विटांपर्यंत काढलं, भिंत वाळू दिली, नवं प्लास्टर केलं, पुट्टी भरली आणि पिस्ता रंग दिला.

"दवाखाना वाटतोय," वत्सलाबाई म्हणाल्या. ते अंघोळीला गेल्यावर मात्र त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. ती खडखडीत कोरडी होती. का कोण जाणे, त्यांना चीड आली.

डोहाळजेवण चार दिवसांवर आलं, तेव्हा त्यांनी फोन लावला.

"झाली बाई भिंत एकदाची. कार्यक्रम उरकला की लगेच निघायचं ना?"



"आई, मी इथेच राहतेय. सासूबाईंशी बोलणं झालंय माझं."

"अगं, वाळली म्हणतेय ना मी."

"भिंतीचं काही नाही गं. तू बाबांना जे बोलतेस ना, ते मला आता ऐकवत नाही. बाळाच्या कानावर तर नकोच."

"मी खोटं बोलते का काही?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "बाबांना सांगशील ना तू? माझ्याच्यानं नाही होणार."

वत्सलाबाईंनी फोन ठेवला, तेव्हा खंडेराव दारात उभे होते. त्यांच्या नखांत अजून पिस्ता रंग होता.

"कधी येतेय?"

खरं ते ओठांवर आलं होतं. ते गिळायला वत्सलाबाईंना फारसा वेळ लागला नाही.

"नाही येत. ओल आहे म्हणाली अजून."

सासरी नाशिकरोडला बसून स्नेहलला ओल कशी दिसली, हे खंडेरावांनी विचारलं नाही. ते खोलीत गेले आणि दोन्ही तळवे भिंतीला लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कपाटावरची खरवडायची पट्टी काढली.

खरवडण्याचा आवाज ऐकून वत्सलाबाई उठल्या. राहू द्या म्हणायला म्हणून दारापर्यंत गेल्या.

"नीट खरवडा," त्या म्हणाल्या. "कोपरे सोडू नका."