मामा, बटण बंद करू नका

दुपारी तीन वाजता मी कन्नडच्या एका मंगल कार्यालयात बायकांच्या रांगेत अडकून बसले होते. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, भाच्याचा साखरपुडा होता. त्यांनी दोनदा बजावलं होतं, "राजनंदिनी, सारखी उठू नको. लोकं बघतेत." नवरा-नवरी समोर असताना लोकांना माझ्याकडे बघायला सवड होती, याचं मला कौतुकच वाटलं.

माझा जीव मात्र संभाजीनगरला, आमच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरपाशी होता. लग्नाला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या एकाच खुर्चीत बसून यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते, कारण आमच्याकडे सुना 'घरूनच' काम करतात. हा शब्द घरात इतक्या मायेने उच्चारतात की भांडायलाही सोय राहत नाही. शेवटी बिडकीनजवळच्या एका कारखान्यात मी गुपचूप अर्ज केला. तिथल्या साहेबांनी नमुन्याचं ड्रॉइंग मागवलं होतं आणि आज निरोप आला: एका भोकाचं माप बदला, चारच्या आत पाठवा, सोमवारपासून रोज इथे यावं लागेल. रोज! तो निरोप मी हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन सहा वेळा वाचला.

घरचा कॉम्प्युटर बंद होता, पण त्याची सोय मी करून ठेवली होती. फोनवरून घरच्या राऊटरला निरोप जातो, राऊटर कॉम्प्युटरला हाक मारतो आणि तो सुरू होतो. अट एकच, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू हवं. आमच्या घरात गावाला निघताना, कुणी घरी राहणार असलं तरी, आत्याबाई एकूण एक बटण बंद करतात. म्हणून मी रुमाल विसरल्याचं सोंग करून परत आत गेले होते आणि तेवढं एक चालू करून आले होते.

पदराआड फोन धरून मी हाक पाठवली. माझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तब्येतीवर लक्ष राहावं म्हणून हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय; त्यासाठी तो आणि राऊटर तेवढे कायम चालू असतात. मी खुर्चीतून कधी उठते तेही त्यात दिसतं, पण ते कुणी बोलत नाही. त्या कॅमेऱ्यात मला कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला दिसला. मी फोनवरूनच ड्रॉइंग उघडलं, बोटाने ते इवलंसं भोक शोधलं आणि अचानक सगळं गेलं.

कॅमेऱ्यात पाहिलं तर मामा बोर्डाजवळ उभे. गुडघे दुखतात म्हणून ते घरी राहिले होते आणि दिवाणावर झोपले होते. त्यांनी उठून बटण बंद केलं होतं.

तीन पंचवीस झाले होते. फोन करायचा तर सगळं सांगावं लागणार. नाही केला तर नोकरी गेली. मी तोंड धुण्याच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नंबर लावला.

"मामा, कॉम्प्युटरचं बटण चालू करा."

"नगं बाई. ते आपोआप चालू झालं. पडद्यावर बाण फिरत व्हता. कुणीतरी घुसलंय त्यात."

"ती मी होते."

"तू तं कन्नडला हाय ना?"

"इथूनच लावला मी."

"कशापायी?"

माझ्याकडे खोटी कारणं भरपूर होती, पण त्या क्षणी एकही आठवेना. "बिडकीनला नोकरी मिळतेय मामा. कारखान्यात. रोज जायचं. चारच्या आत ड्रॉइंग गेलं नाही तर हातची जाईल."

फोन कानाला लावून ते बोर्डाकडे बघत उभे असलेले मला कॅमेऱ्यात दिसत होते. मला सगळं दिसत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. ती चिडचिड आजही आठवली की दात आवळले जातात.

"सुदर्शनला ठावं हाय?"

"नाय," मी त्यांच्यासारखंच बोलून गेले.

त्यांनी बटण दाबलं. "घे. लाव बघू." आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

तीन बावन्नला ड्रॉइंग गेलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: बरोबर आहे, सोमवारी या. मला रडू आलं. डोळे पुसून बाहेर आले तर सुदर्शन फोन घेऊन समोर. स्पीकरवर मामा होते. भोवती आत्याबाई आणि त्यांचं अर्धं माहेर.

"लई हुशार पोर हाय आपली," मामा ओरडून सांगत होते. "कन्नडात बसून घरचं मशीन चालवलं, माझ्या डोळ्यादेखत! मंग बिडकीनला कशाला जायचं? तिथलं मशीन घरूनच लावंल की ती!"

सगळे हसले. आत्याबाईंनी चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मला मशीन लावायचं नव्हतं. मला सकाळी आठच्या बसमागे धावायचं होतं, डबा विसरायचा होता, संध्याकाळी दमून घरी यायचं होतं. हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. इतक्या कौतुकापुढे ते कसं बोलायचं?

"बरोबर आहे अण्णांचं," सुदर्शनने वडिलांची री ओढली. "तुझ्या साहेबांचा नंबर दे. मी समजावतो त्यांना."

मी नंबर वाचून दाखवला, दहाही आकडे, एकही न चुकता.