हळू उडणारी तबकडी

गाणी वाजवणाऱ्या तबकड्या कुणाच्या आजोबांच्या कपाटात असतील. माझं कूळ वेगळं. मी फेकायची तबकडी. पिवळी, बोथट कडेची, लहान ताटलीएवढी. पनवेलजवळच्या सुकापूरमधल्या एका घराच्या मागच्या दाराशी पाण्याचं पिंप आहे, त्याच्या झाकणावर सध्या माझा मुक्काम असतो. तिथूनच मी तुमच्याशी बोलतेय.

माझा जन्म दूर फिनलंडमधला. तिकडे माणसं रानात डिस्क गोल्फ खेळतात. चेंडू-काठीच्या जागी आम्ही तबकड्या, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. जितक्या कमी फेकींत टोपली गाठाल, तितके तुम्ही तरबेज.

या घरातला भावेश तिकडे कंपनीच्या कामानं आला होता. बंदरावरच्या क्रेनचा इंजिनियर तो. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी त्याला रानात नेलं आणि त्याला या खेळाचं वेडच लागलं. परत निघताना त्यानं तीन डिस्क घेतल्या. लाल, पातळ धारेची, ती सगळ्यात वेगवान. लांब फेकीला ती. निळी मधल्या अंतराची. आणि मी, सगळ्यात हळू, टोपलीजवळच्या छोट्या फेकीसाठी.

घरी बॅग उघडली तेव्हा त्याची आई, हौसाबाई, शेजारीच बसली होती. तिनं मला उलटं-सुलटं करून पाहिलं.

"बाला, घरान ताटल्या कमी हायेत का रं? इमानातून ताटल्या आनल्यास."

"आई, या जेवायच्या नाय, उडवायच्या."

"मंग तर पैसं पान्यातच," ती म्हणाली आणि मला बाजूला ठेवलं.

घरामागं त्यांची आंब्या-चिकूची वाडी होती. भावेशनं खांदा कॉलनीतल्या एका वेल्डरकडून टोपली करवून घेतली. ट्रकच्या जुन्या चाकावर खांब, खांबाला साखळ्या, खाली जाळी. वेल्डरनं दोनदा विचारलं, "साहेब, हे नक्की कशासाठी?" भावेशनं समजावलं, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

भावेशच्या बायकोचं नाव पूर्वी. ती कामोठ्यात गणिताचे क्लास घ्यायची. हार मानणं तिच्या स्वभावात नाही. पहिल्याच दिवशी तिनं लाल डिस्क उचलली आणि सगळा जीव लावून फेकली. लाल अर्ध्या वाटेत डावीकडे मान टाकून कुंपणात शिरली. पुन्हा फेकली, पुन्हा कुंपण.

"ही डिस्कच खराब आहे," पूर्वी म्हणाली.

"डिस्क चांगली आहे," भावेश म्हणाला. "पण तिला वेगवान हात लागतो. तेवढा वेग मिळाला नाही, तर ती अशीच डावीकडे पडते. आधी ही घे, पिवळी. ही हळू फेकली तरी सरळ जाते."

"म्हणजे ढ पोरांची डिस्क."

"पहिलीतल्या पोरांची. तू पहिलीतल्या मुलांना दहावीचं गणित देतेस का?"

तिनं तोंड वाकडं केलं, पण मला घेतलं. त्यानं तिचं कोपर धरून दाखवलं, हात छातीजवळून सरळ रेषेत कसा काढायचा ते सांगितलं. मी तिच्या हातातून सुटले आणि चिकूच्या दोन झाडांमधून सरळ गेले. फार लांब नाही, पण सरळ. पूर्वीनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मघाचा राग औषधालाही नव्हता.

पुढं तिचा हात तयार झाला. माझ्यानंतर तिनं निळी हाती धरली, मग लाल. वर्षभरात ती लालला वाडीच्या त्या टोकाच्या ताडापर्यंत पोचवायला लागली. मी शेवटच्या छोट्या फेकीपुरती उरले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शिकणाऱ्यानं मला मागं टाकावं, एवढ्यासाठीच मी घडले आहे.

पण माणूस माझ्याकडे परतही येऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका थंडीत भावेशची लाल कमी जायला लागली. आधी त्यानं वाऱ्याला दोष दिला. मग म्हणाला, प्लास्टिक झिजलंय. मग वजनाला हलकी अशी नवी लाल मागवली. ती काही दिवस बरी गेली आणि नंतर तीही अर्ध्यात डावीकडे वळून पडू लागली. त्याची पकड ढिली झाल्याचं आम्हा सगळ्याच डिस्कना कळत होतं. पण आम्हाला कोण विचारतं?

ते पूर्वीच्या लक्षात आलं. तिनं हीच फेक स्वतःच्या हातानं कितीतरी वेळा केली होती.

"भावेश, तुझी डिस्क माझ्या पहिल्या दिवसासारखी पडतेय."

"झोप झाली नाही नीट."

"आणि सकाळी शर्टाची बटणं मी का लावली?"

तो वाकून बूट बांधत राहिला. नाडीची गाठ त्याला जमत नव्हती, आणि ती उभी राहून पाहत होती.

मग दवाखाने सुरू झाले. पनवेलला झाले, मुंबईला झाले. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. हातापासून सुरुवात झाली होती, पुढं पाय जाणार होते, मग श्वास. थोडं लांबवायला औषध होतं, बरं करायला नव्हतं.

त्यानंतर दोघं वाडीत आले तेव्हा पूर्वीनं त्याच्यापुढं निळी धरली. भावेशच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"मला कुठली डिस्क लागते ते मला कळतं."

त्यानं लाल घेतली आणि फेकली. ती समोरच्या चिकूखाली जाऊन पडली, हाकेच्या अंतराच्याही आत. कुणीच ती उचलायला गेलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं हात पुढं केला.

"दे ती निळी."

शिकणारा ज्या पायऱ्या चढतो, त्याच पायऱ्या तो एकेक करून उतरला. पावसाळा सरला तेव्हा निळीही त्याला जड झाली आणि मी त्याच्या हातात आले. त्याच्या बोटांत मी इतका वेळ कधीच राहिले नव्हते. तो मला आधी नीट चाचपायचा, अंगठा माझ्या पाठीवर बसवायचा, दुसऱ्या हातानं मनगटाला आधार द्यायचा आणि मग सोडायचा. मी माझ्याकडून होईल तेवढी सरळ जायचे.

रोज क्लासला निघण्याआधी पूर्वी वाडीत यायची आणि टोपली थोडी अलीकडे ओढायची. चाक जड, ओढताना ती दात आवळून धरायची. मातीवरची खूण ती पायानं पुसून टाकायची.

एका संध्याकाळी भावेश म्हणाला, "टोपली चालायला लागलीय का गं?"

"मुळं सैल झाली असतील तिची."

"हं. माझ्याचकडे येतेय."

"मग येऊ दे की."

दोघंही हसले. त्या हसण्यात मी साखळ्यांवर आदळून जाळीत पडले. त्यानं टोपलीत टाकलेली ती शेवटची फेक.

नंतर तो खुर्चीवरून यायला लागला, चाकांच्या. पूर्वीनं मला त्याच्या बोटांत बसवलं, पण बोटं मिटेनात. मी घसरले आणि चाकाशी पडले. तिनं पुन्हा बसवलं. मी पुन्हा पडले.

"बस झालं, पूर्वी," तो म्हणाला. "हिला उगाच त्रास नको."

तिनं मला पुसून त्याच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी हौसाबाई वाडीतले पिकलेले चिकू घेऊन आली. बी काढून त्यांच्या फोडी तिनं माझ्यात ठेवल्या आणि एकेक करून त्याला भरवल्या. शेवटी मी तिची ताटली झालेच. तो घास घोळवत म्हणाला, "आई, पैसं पान्यात नाय गेलं बघ." ती म्हणाली, "जेव गप." तिनं तोंड फिरवून पदरानं नाक पुसलं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी तो गेला.

कार्य झालं, पाहुणे पांगले. पूर्वीनं दोन्ही लाल आणि निळी पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली. मी स्वयंपाकघरात भांड्यांत होते म्हणून राहिले. तिथून हौसाबाईनं मला उचललं. रोज सकाळी ती मला घेऊन वाडीत यायची. तिला फेकायचं कसं हे ठाऊक नव्हतं. ती टोपलीपाशी जाऊन मला साखळ्यांवर हलकेच आपटायची, साखळ्या वाजायच्या, मग मला जाळीत ठेवायची. थोडा वेळ तिथंच उभी राहायची आणि मला घेऊन परतायची.

साखळ्या वाजल्या की घराची मागची खिडकी बंद व्हायची. रोजच.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. एका सकाळी खिडकीऐवजी मागचं दार उघडलं. पूर्वी अनवाणीच आली.

"आई, त्या साखळ्या वाजवू नका. मला सहन होत नाही."

"मना तरी कुठं व्हतं, पोरी."

"मग कशाला वाजवता?"

हौसाबाईनं मला पोटाशी धरलं. "वाजली का दोन घटका वाटतं, त्यो हतंच हाय, वाडीन. मंग घरान आली का कलतं, नाय. पन तेवढ्या दोन घटका मिलतात ना."

पूर्वी टोपलीच्या चाकावर, ओल्या मातीतच पाय सोडून बसली. सासूही कण्हत तिच्याशेजारी टेकली. भावेश गेल्यापासून दोघी एका जागी अशा बसल्याच नव्हत्या. पूर्वीनं हात पुढं केला, हौसाबाईनं मला दिलं. पूर्वी माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि म्हाताऱ्या हातानं तिची मान स्वतःच्या खांद्यावर घेतली. मी मधे दबून होते.

तेव्हापासून मी पिंपावर असते. खिडकी आता उघडी असते. हौसाबाई मला नेते, कधी पूर्वी तिच्याबरोबर येते, कधी येत नाही. पण त्यानंतर मला कुणी फेकलेलं नाही.

माझी कड झिजली आहे, उन्हानं रंगही उतरलाय. या घरच्या दोघी बायांनो, तुमच्या दुःखावर माझ्याकडे काही उपाय नाही. फक्त एवढं मागते: जेव्हा जमेल तेव्हा, तुमच्यापैकी कुणीही, एकदा मला हातातून सोडा. नेम चुकला तरी चालेल. मातीत पडायची मला सवय आहे.